शिका, पण कुणाच्या पोटावर?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी मोहन्यात विहारात वंदना झाली, बायका घरी गेल्या, पोरं चहाला मागं राहिली. तेव्हा आपल्यातल्याच एका कार्यकर्त्यानं विषय काढला. त्याचं नाव घेत नाही, तुम्ही सगळे त्याला ओळखता. भिवंडीच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतो, महिन्याला अठरा हजार मिळतात. बायकोपासून तीन वर्षं वेगळा राहतो. सात वर्षांचा मुलगा आईकडे, उल्हासनगरला. कोर्टानं पोराच्या नावानं महिना पाच हजार बांधून दिलेत आणि हा ते देतो, खोटं बोलणार नाही. कधी दोन-चार दिवस मागंपुढं होतं, तेवढंच.

आता त्याला समाजकार्याच्या पदवीला प्रवेश मिळालाय. दोन वर्षांचा पूर्ण वेळेचा कोर्स. आठवड्यातले काही दिवस वस्तीत काम करायचं, बाकी दिवस वर्ग. नोकरी करून जमणारा नाही. नोकरी सोडली तर पाच हजार आणायचे कुठून? तो म्हणाला, "दादा, संध्याकाळी शिकवण्या घेईन, दोन हजार कसेही देईन. स्कॉलरशिप आली तर आली. बाकीचं माफ करून घ्यायला कोर्टात अर्ज टाकू का? की हे चुकीचं आहे?"

झालं. चहाचे ग्लास बाजूला राहिले. एक बोलला, बाबासाहेबांनी पहिला शब्द काय दिला? शिका! दुसरा बोलला, तिचा भाऊ कमावतो, पोरगं काय उपाशी मरणार आहे? तिसरा बोलला, एकदा हा साहेब झाला की पोराचंच कल्याण. सगळे त्याच्या बाजूचे. त्याच्या समोर बसलेला सात वर्षांचा कुणी नव्हता. त्याची आईही नव्हती. हे माझ्या मनात घरी गेल्यावर आलं. तिथं मीपण मान हलवत बसलो होतो, हे कबूल करतो.

म्हणून हा लेख. तिथं जे बोलायला पाहिजे होतं ते इथं लिहितो.

आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण आपली पोरं लगेच कलम विचारतात. पूर्वी १९७३ च्या फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं. त्यात महिना पाचशेच्या वर रक्कमच देता येत नसे. ती मर्यादा २००१ साली काढली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आता तेच कलम १४४ झालंय. परिस्थिती बदलली तर रक्कम कमीजास्त करून मागायची सोय कलम १४६ मध्ये आहे. म्हणजे अर्ज टाकता येतो. पण कोर्ट फक्त 'किती कमावतोस' एवढंच विचारत नाही, 'किती कमवू शकतोस' हेही विचारतं. एक शिपाई होता, पोटगीचा हुकूम झाल्यावर त्यानं लष्करातून स्वेच्छेनं निवृत्ती घेतली आणि म्हणाला, आता माझा पगार बंद. सुप्रीम कोर्टानं २०१५ साली ते ऐकून घेतलं नाही. २०२२ मध्ये त्याच कोर्टानं पुन्हा सांगितलं, धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना बायकापोरांना पोसलं पाहिजे. आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेला रजनेश विरुद्ध नेहा हा खटला ४ नोव्हेंबर २०२० ला निकाली निघाला. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी मिळकत, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. आणि पोटगी थकवली म्हणून आत जाऊन आलात तरी रक्कम फिटत नाही. तुरुंग ही वसुलीची युक्ती आहे, पावती नव्हे. हेही सुप्रीम कोर्टानंच १९८८ ला सांगून ठेवलंय.

आणखी एक. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात पोराला पोसायची जबाबदारी बाप आणि आई दोघांवर आहे. तो कायदा आपल्यालाही लागू होतो, कारण बौद्धांना त्यांनी 'हिंदू' शब्दाच्या पोटात टाकून ठेवलंय. ते भांडण वेगळं, ते सोडलेलं नाही. पण 'आई कमावते ना' म्हणणाऱ्यांनी ऐकावं, ती आधीच देतेय. पोराचं अंथरूण, ताप, डबा, अभ्यास, शाळेतली पालकसभा. याचा आकडा कुठल्या प्रतिज्ञापत्रात लिहीत नाहीत.

तर कायदा असा आहे. पण माझा प्रश्न कोर्टाचा नाही. समजा उद्या न्यायाधीशाला दया आली आणि त्यानं पाचाचे दोन केले. मग झालं का? हुकुमानं रक्कम कमी होईल, पोराची भूक कमी होईल का?

आता मोहन्यात राहणाऱ्या माणसाला 'पैसे नाहीत' या शब्दाचा अर्थ बाहेरच्यानं शिकवू नये. २००९ च्या नोव्हेंबरात एनआरसीला टाळं लागलं. हजारो कामगार एका दिवसात घरी बसले आणि थकलेल्या देण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे, धरणी, कोर्ट चालत राहिलं. त्या वर्षांत या गावात कितीतरी बापांनी पोरांना शाळेतून काढलं. कुणी रिक्षा धरली, कुणी वॉचमनच्या काठीला लागला, कुणी दारूला. त्यातल्या कुणाला 'तू पोराची फी का भरली नाहीस' असं विचारायची माझी हिंमत नाही. त्याच्या हातातलं काम काढून घेतलं होतं.

आपला कार्यकर्ता तसा नाही. त्याच्या दाराला टाळं लागलेलं नाही, ते तो स्वतः लावणार आहे. चांगल्या कारणासाठी लावणार आहे, मान्य. पण 'माझ्याकडे नाही' आणि 'मी नसावं असं ठरवलं' ही दोन वाक्यं एक नव्हेत. दुसरं वाक्य बोलताना पहिल्याचा चेहरा लावला की एनआरसीच्या गेटवर बसलेल्या त्या बापांचीही चेष्टा होते.

मग काय, शिकू नये? गोदामातच मरावं? थांबा, असं मी म्हणत नाही. आपल्याला शतकानुशतकं हेच सांगितलं गेलं की आधी कर्तव्य कर, तुझं काम कर, शिक्षण तुझं नव्हे. पोराच्या पोटाचं नाव घेऊन बापाला गोदामात कोंडायचं असेल तर तो जुनाच खेळ झाला. वरच्या जातीचा पोरगा घटस्फोट घेऊन परदेशी शिकायला जातो तेव्हा त्याच्या मागं बापाचा फ्लॅट असतो, पोटगी आजोबा भरतात, त्याला नैतिक प्रश्न पडायची वेळच येत नाही. आपल्याकडे तो प्रश्न पडतो, कारण आपल्याकडे एकच भाकर आहे आणि खाणारे तीन. हा आपल्या स्वभावातला दोष नाही, वाटपातला आहे. एवढं डोक्यात ठेवूनच पुढचं बोलतो.

बाबासाहेबांचं नाव तिथं निघालं म्हणून तेही बघू. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर होते. पगार साडेचारशे, त्या काळी मोठा. परळच्या चाळीतली राहणी मात्र त्यांनी तशीच ठेवली आणि पैसा साठवला. वर शाहू महाराजांची मदत, नवल भथेनांकडून उसने पैसे. मग १९२० मध्ये नोकरी सोडून लंडनला, अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला. १९२३ च्या एप्रिलात परतले. मागं रमाई, यशवंत आणि घरातली बाकीची माणसं. तंगी काय होती ते आपल्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलंय. पाच लेकरांतला एक यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न हे गेले.

आपण हे गाण्यात गातो. रमाईच्या गोवऱ्या गातो, फाटकं लुगडं गातो. गाताना डोळ्यांत पाणी येतं आणि तिथंच थांबतो. पण ज्याला ते कर्ज कळलं होतं त्यानं ते लिहून ठेवलं. १९३५ च्या मे महिन्यात रमाई गेल्या आणि १९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ रामूच्या आठवणीला अर्पण केला. राजकारणाच्या ग्रंथावर बायकोचं नाव! तो माणूस विसरला नव्हता की लंडनची फी नुसत्या पौंडांत भरलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की बाबासाहेबांचा दाखला द्यायचा तर सगळा द्या. त्यांनी आधी साठवलं, मग सोडलं. घर मोडून गेले नाहीत. आणि परत आल्यावर जे कॉलेज काढलं, १९४६ चं सिद्धार्थ, तिथं नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. का? ज्याला पोटासाठी राबावं लागतं त्याच्यावर 'भाकर की पुस्तक' अशी वेळ येऊ नये म्हणून. आपण दाखला घेतो तो फक्त बोटीत बसल्याचा.

आता यापेक्षा खोल गोष्ट. सिद्धार्थ गौतम घर सोडून गेला, बायको आणि तान्हं पोर झोपलेलं असताना, मध्यरात्री, चोरपावलानं. ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ ला छापून आला, त्यात बाबासाहेबांनी ही कथा ठेवली नाही. त्यांचा सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत युद्ध होऊ नये म्हणून संघासमोर उभा राहतो आणि परिव्रज्या पत्करतो. दिवसाढवळ्या, सगळ्यांना सांगून. आईबापांना सांगतो. मग यशोधरेकडे जातो, तिच्यापुढं त्याला शब्द फुटत नाही. आणि ती त्याला संमती देते. तिच्या बोलण्याचा अर्थ असा की मीसुद्धा आले असते, राहुल आहे म्हणून थांबते. आईबापांना आणि पोराला मी बघीन, तू मात्र माणसांच्या कल्याणाचा नवा मार्ग शोध.

मित्रांनो, ही जागा पुन्हा वाचा. बाबासाहेबांना ती मध्यरात्र का खटकली असेल? मला वाटतं, जो माणूस झोपलेल्या पोराला ओलांडून जातो त्याच्या करुणेवर पुढं कुणी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न तिथं आहे. मोठ्या कामाला जायची मनाई नाही. न विचारता जायची मनाई आहे. आणि विचारायचं म्हणजे उत्तर 'नाही' येऊ शकतं हे धरून विचारायचं. नाहीतर ती नोटीस झाली.

कोर्टातला अर्ज ही नोटीस आहे. ती झोपेत असताना उंबरा ओलांडण्यासारखंच, फक्त वकिलाचा कोट घालून.

हे मी इतकं तावातावानं का लिहितो ते सांगितलं नाही तर लेख अर्धा राहील. माझा बाप कार्यकर्ता होता. नामांतराच्या लढ्यात आत जाऊन आलेला. मी दुसरीत असताना त्यानं नोकरी सोडली आणि वकिलीला प्रवेश घेतला. तोवर आईचं त्याच्याशी पटेनासं झालं होतं, ती मला घेऊन मोहन्याला आजीकडे आली. कोर्टानं माझ्या नावानं महिना साठ रुपये ठरवले. आई त्याला पोटगी म्हणत नसे, खावटी म्हणायची. बापानं कोर्टाला सांगितलं, मी विद्यार्थी आहे. विद्यार्थी! पस्तिशीचा. खावटी कधी आली, बऱ्याचदा नाही. आई बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसायची. तारखेच्या दिवशी टोपली शेजारणीकडे ठेवून कल्याणला जायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. तिच्या हाताला वास असायचा म्हणून कोर्टाच्या बाकड्यावर बाया सरकून बसत. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

बाप वकील झाला. चांगला झाला. अत्याचाराच्या केसेस फुकट लढला, कितीतरी लोकांना सोडवलं. त्याच्या मयताला शहाडपासून टिटवाळ्यापर्यंतची माणसं आली, मला मिठ्या मारून रडली. ती खरी होती. आणि सातवीत फी भरली नाही म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, तेही खरं होतं. एकानं दुसरं पुसलं जात नाही. मी खूप वर्षं वजाबाकी करून बघितली. जमत नाही. त्या माणसांच्या सुटकेतला काही हिस्सा माझ्या फीचा आहे, पण मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर? आठ-दहा वर्षांचा पोरगा काय सांगणार. पण आईला विचारता आलं असतं. आणि वकिली सुरू झाल्यावर, गाडी आल्यावर, मागच्या वर्षांचा हिशेब घेऊन एकदा दारात येता आलं असतं. पैशापेक्षा तो हिशेबाचा कागद मला पाहिजे होता.

तर आपल्या दोस्ताला मी काय सांगतो? शिक. पण हे समजून शिक की दोन वर्षं तू पोराकडून उसने घेणार आहेस. पाचातले दोन देणार, तीन राहिले. तीन हजार गुणिले चोवीस, बहात्तर हजार. हा आकडा कागदावर लिही आणि खाली सही कर. माफी मागू नकोस, मुदत माग. माफीत ते पैसे कधी नव्हतेच असं होतं. मुदतीत ते पोराचेच राहतात. नोकरी लागली की फेडीचा हप्ता किती, तेही लिही. आणि मग जे काय कमी करायचं ते दोघांच्या समजुतीनं कोर्टापुढं ठेवा. तोंडी ठरवून हुकूम तसाच ठेवू नका, उद्या तोच थकबाकी म्हणून उभा राहील.

कुणी म्हणेल, सात वर्षांच्या पोराची भूक मुदत मागून थांबते का? नाही थांबत. इथं माझा युक्तिवाद लंगडा आहे आणि मला ते माहीत आहे. पोराचं आठवं वर्ष एकदाच येतं. दहा वर्षांनी फेडलेल्या पैशातून त्या वर्षीचं दूध विकत घेता येत नाही. म्हणून उसनवारीला एक खालची हद्द पाहिजे. पोराचं खाणं, शाळा, औषध यांना हात लागणार असेल तर कोर्स एक वर्ष पुढं ढकल, आधी साठव. साठवायलासुद्धा आपल्याला वर्ष लागतं, त्यांना लागत नाही, याचा राग येऊ दे. तो राग पोरावर काढू नकोस.

आणि त्याला एकट्यालाच का सांगतो? आपण बाकीचे काय करणार आहोत? 'शिका' म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि बिल उल्हासनगरला पाठवायचं? जयंतीला आपण वर्गणी काढतो. डीजेला किती गेले ते मंडळाच्या वहीत आहे, कुणीही बघावं. बाबासाहेबांच्या मागं महाराज होते, भथेना होते. आपल्या कार्यकर्त्याच्या मागं मंडळ उभं राहायला काय हरकत आहे? वीस जणांनी महिना दीडशे काढले तर तीन हजार होतात. पोराच्या वाट्याची तूट तिथंच भरते. दान म्हणून नको, आपणही उसनेच देऊ, नोकरी लागल्यावर त्यानं ते पुढच्या शिकणाऱ्यासाठी मंडळात भरावेत. चळवळीला शिकलेला माणूस पाहिजे असेल तर चळवळीनं त्याची किंमत एका बाईच्या गळ्यात का मारावी?

हे सगळं बोलून त्याला घेऊन मी गेल्या गुरुवारी उल्हासनगरला गेलो. तो गल्लीच्या तोंडाशी थांबला, मी आत गेलो. ती मशीनवर जीन्सचे पीस शिवत होती. पोरगं कापडाच्या गठ्ठ्यावर बसून पाढे लिहीत होतं. मी सगळं सांगितलं. कागद दाखवला. तिनं पाय थांबवला नाही, मशीन चालूच. मग म्हणाली, "भाऊ, दोन वर्षांनी ते शिकून येतील. मग माझी पाळी का?"

मला कळेना. ती म्हणाली, "लग्न झालं तेव्हा मी बारावीला होते. परीक्षा दिली नाही. मलाही शिकायचंय. तेव्हा पोरगं ते सांभाळतील का, आणि पाचाचे सात देतील का, ते पण त्या कागदावर लिहा."

आम्ही सगळ्यांनी 'शिका' हा शब्द विहारात चार वेळा उच्चारला होता. तिच्याही नावचा आहे हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. यशोधरेनं संमती दिली, त्यावर मी वर एवढं लिहिलं. पण राहुल नसता तर ती आली असती, हे वाक्य मीही वाचून पुढंच गेलो होतो.

मी बाहेर येऊन दोस्ताला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. आंबिवलीला उतरलो तेव्हा म्हणाला, "लिहू, दादा. पण सात कुठून देणार?" मी म्हणालो, ते बैठकीत बोलू, तिच्यासमोर.

तिला निरोप दिलाय. ती येते म्हणाली, पण सकाळी नाही, सकाळी पीस पोचवायचे असतात. म्हणून या रविवारची बैठक वंदनेनंतर नसून संध्याकाळी पाचला आहे. मंडळाची वही ज्याच्याकडे असेल त्यानं घेऊन यावी.